अठरा पेन्सांचा रुपया

एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. १९२७ साली कायद्याने ठरलेला हा दर जून १९६६ पर्यंत टिकला. मधल्या एकोणचाळीस वर्षांत जागतिक मंदी येऊन गेली, दुसरं महायुद्ध झालं, इंग्रज गेले, फाळणी झाली, आणे-पै जाऊन नवे पैसे आले. रुपयाच्या नाण्यातली चांदी १९४० साली निम्म्यावर आली आणि १९४७ पासून पार गेली, नाणं निकेलचं झालं. पौंडाचा दर मात्र जागचा हलला नाही.

आता याच काळातला डॉलरचा दर बघा. १९२७ मध्ये डॉलर सुमारे २.७४ रुपयांना पडत होता, १९४७ मध्ये ३.३१ रुपयांना. सप्टेंबर १९४९ मध्ये एका झटक्यात तो ४.७६ रुपये झाला. मग या काळात रुपया घसरला की नाही? पौंडाला विचारलं तर नाही. डॉलरला विचारलं तर हो, आणि चांगलाच.

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. विनिमय दर हे रुपयाचं वजन नव्हे, ते दोन चलनांमधलं अंतर आहे. दोन प्रवासी एकाच डब्यात शेजारी बसले असतील तर त्यांच्यातलं अंतर बदलत नाही, पण गाडी मुंबईहून नागपूरला पोचलेली असते. जुन्या दरांचा तक्ता हाती आला की आपण आकडा वर गेला की खाली एवढंच पाहतो. समोरचं चलन त्या वेळी कशाला बांधलेलं होतं, हे तक्त्यात लिहिलेलं नसतं.

आधी एक छोटी अडचण दूर करू. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत विनिमय दराला ‘हुंडणावळ’ म्हणत, आणि हुंडणावळ सांगायची रीत आजच्या उलट होती. आज आपण एका डॉलरला किंवा पौंडाला किती रुपये ते सांगतो, म्हणून आकडा वाढला की रुपया पडला. तेव्हा एका रुपयाला किती शिलिंग-पेन्स ते सांगत, म्हणून आकडा वाढला की रुपया चढला. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडात २४० पेन्स. १९२७ चा दर रुपयाला १८ पेन्स असा होता, म्हणून २४० ला १८ ने भागा, १३.३३ येतात. तेच वरचे तेरा रुपये पाच आणे चार पै. ‘हुंडणावळ वाढली’ हे वाचून आजचा वाचक रुपया कोसळला असं समजतो आणि सगळा इतिहास उलटा वाचतो.

चांदीचा रुपया, सोन्याचा पौंड

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेनचा झाला आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी आली. हा एक तोळा वजनाचा बंदा रुपया. टांकसाळ सर्वांना खुली होती. मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत चांदी न्यायची, घडणावळ द्यायची आणि रुपये घेऊन यायचे. त्यामुळे रुपयाची किंमत म्हणजे त्याच्या पोटातल्या चांदीची किंमत, असं सरळ समीकरण होतं. पौंडाचं नाणं, म्हणजे सॉव्हरिन, सोन्याचं होतं आणि त्यात सुमारे ११३ ग्रेन शुद्ध सोनं असे.

मग दोघांमधला दर कोण ठरवत होतं? कोणीच नाही. सोन्या-चांदीच्या भावांमधलं जे प्रमाण, तोच दर. १८७० पर्यंत हे प्रमाण फारसं हललं नाही, म्हणून रुपयाही दोन शिलिंगांच्या जरा खाली, साधारण २३ पेन्सांच्या आसपास रेंगाळत असे. दहा रुपयांना एक पौंड हा बोटांवर मोजता येणारा हिशेब त्या काळातला.

नंतर एकाच दशकात सगळं फिरलं. जर्मनीने १८७१ नंतर सोन्याचं चलन स्वीकारलं आणि जुनी चांदी बाजारात काढली. अमेरिकेने १८७३ मध्ये चांदीचा डॉलर पाडण्याची मुभा काढून घेतली. फ्रान्स आणि त्याच्या शेजाऱ्यांनी चांदीची नाणी पाडण्यावर आधी मर्यादा घातली, मग ते बंदच केलं. इकडे नेवाडातल्या खाणींतून चांदी येतच होती. घेणारे कमी आणि माल जास्त, त्यामुळे चांदी पडली आणि चांदीला जखडलेला रुपयाही तिच्याबरोबर पडला. १८९४-९५ मध्ये सरासरी हुंडणावळ १३ पेन्सांच्या आसपास आली. हिंदुस्थानात कोणी काही चूक केली नव्हती, सरकारने नोटा छापल्या नव्हत्या, पण वीस-बावीस वर्षांत रुपयाचं इंग्लंडातलं मोल जवळपास निम्म्यावर आलं.

याचा सर्वांत मोठा फटका बसला तो सरकारी तिजोरीला. हिंदुस्थान सरकार दरवर्षी लंडनमध्ये पौंडांत पैसे भरत असे. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, रेल्वेच्या कर्जाचं व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च, फौजेचा खर्च. हेच ते ‘होम चार्जेस’, दादाभाई नौरोजींनी ज्याला संपत्तीची गळती म्हटलं त्यातला एक मोठा भाग. एक कोटी पौंड पाठवायचे तर २३ पेन्सांच्या दराने साधारण साडेदहा कोटी रुपये लागत. १३ पेन्सांच्या दराने साडेअठरा कोटी. लंडनमध्ये एक पैही जास्त मिळत नव्हती, पण इथल्या रयतेकडून आठ कोटी जादा वसूल करायचे होते.

म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारने टांकसाळीचे दरवाजे बंद केले. चांदी घेऊन जाणाऱ्याला आता रुपये मिळेनासे झाले. रुपयांचा पुरवठा हातात ठेवायचा, ते दुर्मिळ करायचे आणि दर वर न्यायचा, असा तो बेत. पहिली एक-दोन वर्षं दर आणखी पडला, पण १८९८ पर्यंत तो १६ पेन्सांवर आला. १८९९ मध्ये सॉव्हरिन पंधरा रुपयांना कायदेशीर चलन ठरला.

इथे रुपयाची जात बदलली. नाणं दिसायला तेच, वजन तेच, चांदीही तेवढीच. पण आता त्याची किंमत पोटातल्या चांदीची राहिली नाही, सरकारच्या शब्दाची झाली. एका अर्थी ती चांदीवर छापलेली नोटच होती. ज्यांची चांदी दागिन्यांच्या रूपात घरात होती, त्यांना हा फरक दुष्काळात कळला. आधी दागिने वितळवून टांकसाळीत दिले की रुपये मिळत, आता ते पडत्या भावाने विकावे लागत. मुंबईच्या गिरण्यांनाही झळ लागली. त्यांचं सूत चीनला जात असे आणि चीन चांदीवरच होता. रुपया चांदीपासून तुटला आणि वर गेला, तेव्हा चिनी गिऱ्हाइकाला मुंबईचं सूत महाग पडू लागलं.

पहिल्या महायुद्धात नेमकी उलटी पंचाईत झाली. चांदी महागली. लंडनमध्ये चांदीचा भाव औंसाला ४३ पेन्सांवर गेला की सोळा पेन्सांच्या रुपयात सोळा पेन्सांची चांदी भरते. त्यापुढे रुपया खर्च करण्यापेक्षा वितळवणं फायद्याचं. फेब्रुवारी १९२० मध्ये भाव ८९ पेन्सांच्या वर गेला! सरकार दर वाढवत राहिलं, आणि एका समितीच्या सल्ल्यावरून रुपयाचा दर दोन शिलिंग सोन्याचे असा ठरवून बसलं. त्या समितीतले दादिबा मेरवानजी दलाल हे एकटे विरोधात होते. त्यांचं म्हणणं, सोळा पेन्सच ठेवा. समितीने ऐकलं नाही. लवकरच चांदी कोसळली, निर्यात थंडावली आणि तो चढा दर राखण्यासाठी सरकारला लंडनमधली साडेपाच कोटी पौंडांची गंगाजळी विकावी लागली. पंधरा रुपयांनी घेतलेले पौंड सात ते दहा रुपयांना गेले, आणि दर राहिला नाही तो नाहीच. चालू वर्षाच्या भावावर कायमचा दर बांधण्याचं हे सर्वांत महागडं उदाहरण म्हणावं लागेल.

सोळा की अठरा

दर पुन्हा स्थिरावला तेव्हा वाद उभा राहिला, युद्धापूर्वीचे सोळा पेन्स की आताचे अठरा? १९२५-२६ मध्ये हिल्टन यंग कमिशन यासाठी बसलं. दोन पेन्सांवरून एवढी रणं का माजली, हे समजायला एकच हिशेब पुरे. लिव्हरपूलला एक पौंडाचा कापूस विकला, तर सोळाच्या दराने इथे १५ रुपये हाती येतात. अठराच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडामागे १ रुपया १० आणे ८ पै कमी. शेतसारा मात्र रुपयांत ठरलेला, सावकाराचं कर्जही रुपयांत. ते काही कमी होत नाही. गिरणीमालकाची तक्रार वेगळी, पण तितकीच खरी. मँचेस्टरचं कापड अठराच्या दराने स्वस्त होऊन येणार.

दुसऱ्या बाजूला सरकार होतं. होम चार्जेस भरायला त्याला कमी रुपये लागणार होते, त्यामुळे त्याचा कल उघडच अठराकडे होता. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा आवाज सोळाच्या बाजूने, आणि कमिशनचे सदस्य असलेले पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी तसं मतभेदाचं टिपणही जोडलं. राष्ट्रीय चळवळीची सहानुभूती बहुतेक सोळाकडे. सरकार अठरा म्हणतंय, म्हणून देशाचं हित सोळात, असं वातावरण होतं.

या गर्दीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं म्हणणं वेगळं उठून दिसतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरच प्रबंध लिहिला होता आणि या कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. दर स्थिर कशाने राहील हा एक प्रश्न आणि तो किती असावा हा दुसरा, हे दोन वेगळे आहेत असा त्यांचा आग्रह. आणि दुसऱ्या प्रश्नावर त्यांनी वर्मावर बोट ठेवलं. दर खाली ठेवल्याने व्यापाऱ्याला जो फायदा होतो तो परदेशातून येत नाही. वस्तूंचे भाव वाढतात पण मजुरी तितकी वाढत नाही, म्हणून एका वर्गाचा नफा देशातल्याच दुसऱ्या वर्गाच्या खिशातून निघतो. ‘स्वस्त रुपया देशाच्या फायद्याचा’ हे वाक्य आजही ऐकू येतं. देश म्हणजे त्यातला कोण, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला होता.

१९२७ मध्ये कायदेमंडळात थोडक्या मतांनी अठरा पेन्स मंजूर झाले.

आणि चारच वर्षांत डावाचा पट बदलला. २१ सप्टेंबर १९३१ ला ब्रिटनने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपयाने काय करायचं, ते लंडनमध्ये ठरलं. अठरा पेन्स कायम, पण आता सोन्याचे नव्हे, कागदी स्टर्लिंगचे, म्हणजे सोन्यापासून सुटलेल्या ब्रिटिश पौंडाचे. तक्त्यात या दिवशी काहीच घडलेलं दिसत नाही, अठराच्या खाली अठरा. प्रत्यक्षात रुपया सोन्याच्या तुलनेत पौंडाइतकाच पडला, रुपयांत सोनं महाग झालं, आणि मंदीने पिचलेल्या शेतकऱ्यांनी घरातलं सोनं मोडलं. बोटी भरभरून ते परदेशी गेलं.

असा बांधलेला दर रोज राखायचा कसा? १९३४ च्या रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातच त्याची यंत्रणा होती. कोणी स्टर्लिंग विकायला आणलं तर बँकेने रुपयाला फार तर १ शिलिंग ६ ३/१६ पेन्स या दराने घ्यायचं, कोणी मागायला आलं तर १ शिलिंग ५ ४९/६४ पेन्सांपेक्षा कमी नाही अशा दराने द्यायचं. पेनीचे चौसष्ट भाग! या दोन भिंतींच्या मध्ये बाजाराने काय हलायचं ते हलावं. जोवर बँकेजवळ स्टर्लिंग आहे आणि लोकांचा तिच्यावर विश्वास आहे तोवर भिंती टिकतात. १९२० मध्ये या दोन्हींची टंचाई पडली होती.

गाडीच्या डब्याचं आणखी एक उदाहरण घरचंच आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे ‘हाली’ रुपया चाले. इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. हिशेब सात हालीला सहा कलदार, म्हणजे शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. औरंगाबादेतल्या हाली रुपयाचा पौंडाशी थेट काही संबंध नव्हता, पण कलदार पौंडाला बांधलेला आणि हाली कलदाराला. लंडनमध्ये पौंडाला ठेच लागली की निजामाच्या राज्यातला रुपयाही अडखळायचा.

१९४७ मध्ये डॉलर एक रुपयाला होता का?

नव्हता. हा मजकूर दर ऑगस्टमध्ये मोबाइलवर फिरतो, तेव्हा त्याला गणितानेच उत्तर द्यावं. पौंड १३.३३ रुपयांना होता याबद्दल वाद नाही, तो कायदाच होता. पौंडाला ४.०३ डॉलर मिळत, तेही ठरलेलं. १३.३३ ला ४.०३ ने भागलं की ३.३१ रुपये येतात. डॉलर एक रुपयाला असता तर पौंडाला १३.३३ डॉलर मिळायला हवे होते. नाही तर कोणीही मुंबईत ४.०३ रुपये देऊन तेवढे डॉलर घेतले असते, त्यांचा लंडनमध्ये एक पौंड केला असता, तो मुंबईत १३.३३ रुपयांना विकला असता आणि आठवड्याभरात मलबार हिलवर बंगला बांधला असता.

३.३१ ला कागदोपत्रीही पुरावा आहे. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेनंतर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी उभा राहिला. त्या परिषदेच्या हिंदी शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. डिसेंबर १९४६ मध्ये निधीकडे रुपयाचं मूल्य नोंदवलं गेलं, ०.२६८६०१ ग्रॅम सोनं, म्हणजे ३०.२२५ अमेरिकी सेंट.

१८ सप्टेंबर १९४९ ला ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला, म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त खाली. भारतही लगोलग तेवढाच उतरला. म्हणून पौंडाचा दर हलला नाही आणि डॉलर ४.७६ वर गेला. युद्धात ब्रिटनने आपल्याकडून माल घेऊन पैसे रोख न देता लंडनच्या खात्यावर मांडून ठेवले होते. १९४६ पर्यंत ही रक्कम सतराशे कोटी रुपयांच्या घरात होती. १९४९ मध्ये त्यातलं जे उरलं होतं, त्याचं रुपयांतलं मोल त्या रात्री एका आण्यानेही घटलं नाही. पण त्यातून अमेरिकेची यंत्रं घ्यायची म्हटलं तर तीस टक्के रक्कम हवेत विरली होती. अठरा पेन्सांच्या आड किती काही लपतं!

पाकिस्तानने मात्र त्या वेळी आपला रुपया उतरवला नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एकच असलेलं चलन, आणि आता शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये. ताग पूर्व बंगालमध्ये पिकायचा, गिरण्या हुगळीकाठी होत्या. भारताने हा दर मानायलाच नकार दिला आणि व्यापार ठप्प झाला. १९५१ च्या व्यापारकरारात अखेर तो मान्य करावा लागला. पाकिस्तानने अवमूल्यन केलं ते १९५५ मध्ये.

६ जून १९६६ ला अठरा पेन्सांचा रुपया संपला. डॉलर ४.७६ वरून ७.५०, पौंड १३.३३ वरून २१ रुपये. वर्तमानपत्रांत अवमूल्यन ३६.५ टक्के म्हणून आलं आणि बाजारात डॉलर ५७.५ टक्के महागला. लोकांना वाटलं सरकार खोटं बोलतंय. दोन्ही आकडे खरे होते. रुपया २१ सेंटांवरून १३.३३ सेंटांवर आला, ही घट ३६.५ टक्के. ४.७६ चे ७.५० झाले, ही वाढ ५७.५ टक्के. दर कोणत्या बाजूने मोजला यावर टक्केवारी अवलंबून असते, म्हणून दोन लेखांतले अवमूल्यनाचे आकडे जुळले नाहीत तर आधी हे तपासावं.

पुढच्याच वर्षी गंमत झाली. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आला. या वेळी भारत डब्यातून उतरलेला होता. पौंड २१ वरून १८ रुपयांवर आला. तक्ता वाचणाऱ्याला वाटेल, रुपयाने मोठी मजल मारली. रुपया तिथेच उभा होता, खाली गेला तो पौंड.

१९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्याशी गाठ सोडल्यावर काही महिने डॉलरला, मग डिसेंबरपासून पुन्हा पौंडाला १८.९६७७ रुपये, अशी बांधाबांध झाली. पण पौंडच १९७२ मध्ये तरंगू लागला, तेव्हा तरंगत्या होडीला बांधून घेण्यात अर्थ उरला नाही. २५ सप्टेंबर १९७५ पासून रुपया अनेक चलनांच्या टोपलीशी जोडला गेला. त्यानंतर पौंडाचा स्थिर असा दर तक्त्यात दिसत नाही.

१९९१ च्या जुलैमधल्या दोन टप्प्यांतल्या अवमूल्यनाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण तक्ता वाचणाऱ्याला खरी ठेच लागते ती पुढच्या वर्षी. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात डॉलरला एकाच वेळी दोन दर होते. निर्यातदाराने आणलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने, २५.८९ रुपयांच्या आसपास, जमा करायचे आणि ६० टक्के बाजारभावाने विकायचे. त्यामुळे १९९२ चा ‘दर’ एका तक्त्यात एक आणि दुसऱ्यात वेगळा सापडतो. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक झाले तेव्हा डॉलर ३१.३७ रुपयांना होता.

तेव्हापासून मुंबईच्या बाजारात रुपयाचा मुख्य सौदा डॉलरशीच होतो. पौंडाचा भाव काढायचा तर डॉलरचे रुपये आणि पौंडाचे डॉलर यांचा गुणाकार करतात. १९२७ मध्ये डॉलर किती रुपयांना हे काढायला आधी पौंड विचारावा लागे, आता पौंड विचारायला डॉलरकडे जावं लागतं.